फसवणूक गिऱ्हाईकाची, भुर्दंड नोकराला

नाशिक रोडच्या चलार्थपत्र मुद्रणालयात १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत. नोटेचा कागद, तिच्यातील धागा, तिच्यावरील जलचिन्ह यांची देखभाल करणारी तज्ज्ञ मंडळी या शहरात राहतात. परंतु याच शहरातील मेन रोडवर, रविवार कारंज्यावर किंवा कॉलेज रोडवरील एखाद्या दुकानात गल्ल्यावर उभ्या असलेल्या मुलाने संध्याकाळच्या गर्दीत पाचशेची एक खोटी नोट घेतली, तर तिची पूर्ण किंमत महिन्याच्या शेवटी त्याच्या पगारातून वळती केली जाते. ज्या परीक्षेसाठी सरकारने मुद्रणालय उभारले, यंत्रे बसविली व तज्ज्ञ नेमले, ती परीक्षा बारावी झालेल्या मुलाने दहा सेकंदांत द्यावी आणि नापास झाल्यास दंड भरावा, अशी ही रीत आहे. दुकानदारीत ती इतकी मुरलेली आहे की तिला कोणी अन्याय म्हणत नाही. ‘शॉर्ट आला, भरून द्या,’ एवढ्या चार शब्दांत निकाल लागतो.

गिऱ्हाईक दुकानाला फसविते, हे नाकारण्याचे कारण नाही. ग्राहक चळवळीने व्यापाऱ्याची लबाडी उघडी केली हे तिचे मोठे कार्य होय. पण म्हणून प्रत्येक ग्राहक सत्यवादी ठरत नाही. जुनी युक्ती सुट्ट्यांची: मोठी नोट द्यायची, मोड हाती आल्यावर विचार बदलल्याचे सांगून नोट परत मागायची आणि देवाणघेवाणीच्या गोंधळात शंभर-दोनशे जास्तीचे घेऊन निघून जायचे. कापडाच्या दुकानातून नेलेली साडी लग्नात नेसून तिसऱ्या दिवशी ‘रंग पसंत नाही’ म्हणून परत आणायची, ही दुसरी. स्वस्त मालावरची बारकोडची चिठ्ठी महाग मालावर चिकटवायची, ही मॉलमधली तिसरी. सराफ बाजारात चार बायांनी एकदम दागिने दाखवायला सांगायचे आणि ट्रेमधील एक खरी अंगठी उचलून तिच्या जागी तशीच पितळेची ठेवायची, ही चौथी. २०१६ साली यूपीआय आल्यानंतर पाचवी निघाली: पैसे पाठविल्याचे खोटे चित्र मोबाईलवर दाखवायचे किंवा दुकानाच्या क्यूआर कोडवर दुसराच कोड डकवून ठेवायचा. घरपोच माल देणाऱ्या मुलाच्या वाट्याला सहावी येते. परतीच्या खोक्यात मोबाईलऐवजी साबणाची वडी निघते आणि जबाब मात्र त्या मुलाला द्यावा लागतो.

या सर्व प्रकारांत फसविणारा एक, ज्याचा माल गेला तो दुसरा, आणि नुकसान सोसणारा तिसराच. माझा आक्षेप या तिसऱ्याच्या निवडीवर आहे.

हिशेब साधा आहे. समजा, महिन्याला बारा हजार पगार घेणाऱ्या विक्रेत्या मुलीच्या हातून अठराशे रुपयांचा खोटा व्यवहार झाला. सव्वीस दिवसांच्या हिशेबाने तिची रोजची मजुरी सुमारे ४६१ रुपये पडते. म्हणजे एका अनोळखी माणसाच्या लबाडीपायी तिने जवळजवळ चार दिवस फुकट काम केले. मालकाला मात्र मालाची पूर्ण विक्रीकिंमत मिळाली, तीत त्याचा नफासुद्धा आला. चोरी होऊनही ज्याचा नफा बुडत नाही असा धंदा जगात दुसरा नसेल!

नफ्याचे समर्थन अर्थशास्त्रात कसे केले जाते, हे येथे आठविले पाहिजे. फ्रँक नाइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२१ साली मांडलेली उपपत्ती पुढे पाठ्यपुस्तकांतून सर्वत्र शिकविली गेली. कामगाराला ठरलेली मजुरी मिळते, कारण त्याने अनिश्चिततेचा भार घेतलेला नसतो. मालकाला उरलेला नफा मिळतो, कारण तो भार त्याने घेतलेला असतो. ही उपपत्ती आपल्याला मान्य असो वा नसो, दुकानमालकाचे सारे समर्थन तिच्यावरच उभे आहे. ‘भांडवल माझे, जोखीम माझी, म्हणून नफा माझा,’ हे वाक्य तोच उच्चारतो. मग जोखीम गल्ल्यावरच्या मुलाच्या खात्यावर टाकल्यानंतर नफ्याचा अधिकार कोणत्या तत्त्वावर शिल्लक राहतो? नोकराने तोट्यात भागीदार व्हावे, नफ्यात मात्र होऊ नये, ही भागीदारी कोणत्याही व्यापारी मालकाने आपल्या भावाकडूनही स्वीकारली नसती.

आता कायदा पाहू. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने मालकाच्या या अधिकाराला वेसण घातली. नोकराच्या ताब्यात स्पष्टपणे सोपविलेला माल गहाळ झाला किंवा ज्या रकमेचा हिशेब त्याने द्यायचा ती कमी पडली, आणि ते नुकसान थेट त्याच्याच हलगर्जीपणाने झाले, तरच कपात करता येते. ती नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये. आणि कपातीपूर्वी नोकराला आपली बाजू मांडण्याची संधी दिलीच पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने अमलात आणलेल्या २०१९ च्या वेतन संहितेत याच अटी कायम आहेत. कपातीची नोंद नोंदवहीत व्हावी लागते. जुन्या कायद्यातील चोवीस हजारांची पगारमर्यादाही आता उरलेली नाही. बेकायदा कपातीबद्दल तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो, तो कामगाराच्या वतीने त्याची संघटना करू शकते, कपात बेकायदा असल्याचा दावा झाल्यास देणे दिल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो, आणि रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई मिळू शकते.

तात्पर्य, ‘शॉर्ट आला, भरून द्या’ हा निकाल जवळजवळ प्रत्येक वेळी बेकायदा असतो. हलगर्जीपणा सिद्ध केला जात नाही, बाजू ऐकली जात नाही, नोंदवहीचे तर दर्शनही होत नाही. नोंद झालीच तर ती ‘उचल’ म्हणून होते, म्हणजे नोकराने जणू आगाऊ पैसे घेतले होते! लुबाडलेल्या माणसाला कागदावर कर्जदार ठरविण्याची ही कला सावकारीकडून दुकानदारीने उचललेली दिसते.

मालकपक्षाचे तीन युक्तिवाद आहेत आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिला असा की, भीती नसली तर नोकर लक्ष देणार नाही. परंतु लक्ष देण्याची साधने कोणाच्या हाती आहेत? नोट तपासण्याचे यंत्र, पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणारा साउंडबॉक्स, गर्दीच्या वेळी गल्ल्यावर दुसरा माणूस, परतीच्या मालाचा लेखी नियम, यांपैकी एकही गोष्ट विक्रेती मुलगी स्वतः आणू शकत नाही. जो नुकसान टाळू शकतो त्याच्यावर ते पडले, तरच तो ते टाळण्याचा खर्च करील. ते नोकराच्या पगारातून आपोआप भरून निघू लागले, तर मालकाने यंत्र विकत का घ्यावे? पगारकपातीने दुकान सावध होत नाही, उलट निर्धास्त होते.

दुसरा युक्तिवाद असा की, नोकरच गिऱ्हाईकाला सामील असतो. असेल, काही वेळा असतोही. त्यासाठी चौकशी आहे, पोलीस आहेत, फौजदारी कायदा आहे. एकाने केलेल्या अपराधाचा दंड दहा निरपराधांकडून वसूल करण्याची परवानगी कोणताही न्याय देत नाही. विशेष म्हणजे, जेथे दंड सरसकट बसतो तेथे प्रामाणिक आणि अप्रामाणिक नोकर यांतील भेदच नाहीसा होतो. खोट्या नोटेचेच उदाहरण घ्या. बँकेत ती खोटी ठरली की तिच्यावर शिक्का मारून ती जप्त होते आणि बदल्यात छदामही मिळत नाही. ज्या मुलाच्या पगारातून पाचशे रुपये कापले जाणार, त्याला ती नोट पुढच्या गिऱ्हाईकाच्या मोडीत सरकवून देण्याचा मोह होणारच. आणि खोटी आहे हे माहीत असून नोट चालविणे हा गंभीर फौजदारी गुन्हा आहे. म्हणजे दुकानाने ज्याला दंड केला त्याला त्या दंडानेच गुन्ह्याच्या उंबरठ्यावर नेऊन उभे केले.

तिसरा युक्तिवाद लहान दुकानदाराचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. ‘आमचाच गल्ला केवढा? दोन हजार गेले तर आमच्या घरात चूल पेटत नाही,’ असे तो म्हणतो. पंचवटीतील किंवा सिडकोतील लहान दुकानदार हा भांडवलदार नव्हे. त्याची अडचण खरी आहे आणि आपण ती ऐकली पाहिजे. पण अडचणीतल्या माणसाने आपल्याहून अधिक अडचणीतल्या माणसाच्या ताटातील भाकरी घ्यावी, हे तिचे उत्तर होऊ शकत नाही. उत्तर आहे ते व्यापारी संघटनांनी उभारायच्या सामूहिक निधीत, स्वस्त विम्यात आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर आलेल्या तक्रारीची तत्काळ दखल घेण्यात. शिवाय लहान दुकानदाराच्या नावाने अश्रू ढाळणारे बहुधा मोठ्या साखळी दुकानांचे वकील असतात. जेथे मालाची घट हा जमाखर्चातील नेहमीचा खर्च म्हणून धरलेला असतो, तेथेही तोच खर्च पुन्हा नोकराकडून वसूल करणे म्हणजे एकाच मालाचे दोनदा पैसे घेणे होय.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती केवळ पैशांची नाही. अनेक दुकानांत ग्राहकाचे माहात्म्य सांगणारे एक वचन गांधीजींच्या नावाने टांगलेले असते. गांधीजींच्या लेखनात त्याला आधार सापडलेला नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसते. त्या पाटीखाली उभ्या असलेल्या मुलीला दोन हुकूम एकाच वेळी पाळायचे असतात. ग्राहकावर संशय घ्यायचा नाही, आवाज चढवायचा नाही, त्याची पिशवी तपासायची नाही, हा पहिला. आणि ग्राहकाकडून फसायचे नाही, हा दुसरा. नोट उजेडात धरून पाहिली तर ‘मी चोर वाटलो का?’ म्हणून गिऱ्हाईक तक्रार करते व मालक तिला झापतो. नाही पाहिली तर पगार कापला जातो. दोन्ही दारांशी काठी घेऊन मालकच उभा आहे. जो ग्राहक स्वतःला सभ्य समजतो त्यानेही येथे अंतर्मुख व्हावे. नोट तपासली म्हणून संतापणारा सज्जन हा पुढच्या लफंग्याची वाट मोकळी करून देत असतो.

ब्रिटनमध्ये १९८६ साली थॅचरबाईंच्या सरकारने कामगारांचे अनेक जुने संरक्षण काढून घेणारा वेतन कायदा केला. त्या सरकारलाही किरकोळ विक्रीतील नोकरांसाठी एक स्वतंत्र तरतूद ठेवावीशी वाटली. गल्ल्यातील किंवा मालातील तुटीपोटी एका पगारातून दहा टक्क्यांहून अधिक कपात करता येणार नाही, नोकरी सुटतानाचा शेवटचा पगार तेवढा अपवाद. १९९६ च्या कायद्यात ती तरतूद पुढे आली. आपल्याकडे तशी स्वतंत्र मर्यादा नाही. सर्व कपाती मिळून निम्मा पगार, एवढीच काय ती सीमा.

आणि कायदा राबविणार कोण? मुंबई प्रांताने १९३९ साली देशातला पहिला दुकाने कायदा केला. १९४८ साली तो नव्याने आला. त्याच वर्षी मार्च महिन्यात याच नाशिकच्या अधिवेशनात समाजवाद्यांनी काँग्रेसबाहेर पडण्याचा निर्णय घेतला होता. २०१७ च्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना बहुतेक बंधनांतून मोकळे केले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर आणि दिवसाचे काम नऊ तासांवरून दहा तासांवर नेण्याचे ठरविले. वेतन संहितेने निरीक्षकाला ‘निरीक्षक-नि-सुविधाकार’ बनविले. कपातीविषयीचा कायदा लहान दुकानालाही लागू आहे, पण त्या दुकानाच्या पायरीवर सरकारचे पाऊल पडण्याचा संभव मात्र कमी होत चालला आहे.

म्हणून हे काम संघटनेचे आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामगार संघटना उभ्या राहिल्या. मेन रोडवरच्या विक्रेत्याकडे मात्र चळवळीचे लक्ष क्वचितच गेले. तो एकेकटा काम करतो, वर्षा-दोन वर्षांत दुकान बदलतो, म्हणून त्याची संघटना होत नाही, असे म्हणतात. हमालांबद्दलही हेच म्हटले जात होते. तरीही १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला आणि मालक, कामगार व सरकार यांची मंडळे अस्तित्वात आली. दुकान कामगारांसाठी तसेच मंडळ का असू नये? फसवणुकीचे नुकसान भागविणारा निधी त्या मंडळाकडे असावा आणि त्यात मालकांनी विक्रीच्या प्रमाणात वर्गणी भरावी.

२०२७ चा सिंहस्थ जवळ आला आहे. पंचवटीपासून त्र्यंबकेश्वरापर्यंत तात्पुरती दुकाने लागतील, तात्पुरते नोकर लागतील, गर्दी लोटेल आणि त्या गर्दीत भाविकांबरोबर भामटेही येतील. मेळा संपल्यावर हिशेब होईल आणि ‘शॉर्ट’ त्या तात्पुरत्या मुलांच्या मजुरीतून वळता होईल. त्यापूर्वी कार्यकर्त्यांनी दुकानादुकानांत जाऊन तीन गोष्टी सांगाव्यात. लेखी कारण दिल्याशिवाय कपात मान्य करू नका. नोंदवही दाखवा म्हणून मागा. ‘उचल’ म्हणून कोऱ्या कागदावर सही करू नका. आणि एकाची कपात झाली की त्याचा अर्ज संघटनेच्या नावाने दाखल करा. पाचशे रुपयांसाठी कोण भांडतो, असे मालक म्हणेल. पाचशे रुपयांसाठी तोच भांडत असतो, म्हणून तर ते तो सोडत नाही.