खेळात राजकारण कोण आणतं?

बोलिंग म्हटलं की आपल्याला मॉलमधली चकचकीत लेन आठवते. जड चेंडू घरंगळत सोडायचा, दहा पिना पाडायच्या. यात कसला आलाय भेदभाव? पण अमेरिकेत याच खेळात एक लढा झालाय.

तिथली अमेरिकन बोलिंग काँग्रेस ही 1895 ची संस्था. 1916 पासून तिच्या नियमातच लिहिलेलं, सभासद फक्त गोरे पुरुष. तुम्ही पैसे देऊन चार डाव खेळू शकत होता. पण मान्यताप्राप्त लीग, राष्ट्रीय स्पर्धा, विक्रमाची नोंद? ते विसरायचं. 300 चा परिपूर्ण डाव मारला तरी कागदावर तुम्ही नाहीच.

आता काळ बघा. 1942 मध्ये सुमारे 1,20,000 जपानी वंशाच्या लोकांना घरादारातून उठवून छावण्यांत कोंडलं. बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक. त्यांच्यातलीच पोरं 442 व्या रेजिमेंटमधून इटली-फ्रान्समध्ये अमेरिकेसाठी लढली. युद्धावरून परतलेल्या जवानाला बोलिंगचं सभासदत्व मात्र नाही!

हितो ओकाडा हे पोर्टलंडचे. युद्धानंतर जपानी-अमेरिकन नागरिक लीगचे राष्ट्रीय अध्यक्ष. घरं, जमिनी, नागरिकत्वाचे प्रश्न समोर असताना बोलिंगसाठी कशाला भांडायचं, असं कुणालाही वाटेल. पण कामावरून सुटल्यावर चार माणसं जिथे एकत्र बसतात, तिथून तुम्हाला वगळलं तर नागरिकत्व उरतं फक्त कागदावर.

लीगने दोन गोष्टी एकदम केल्या. 1947 मध्ये सॉल्ट लेक सिटीत स्वतःची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली आणि मुख्य दारावर धडका देणंही चालू ठेवलं. वेगळी चूल मांडली, पण मोठ्या घरातला हक्क सोडला नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. सोबत कृष्णवर्णीयांच्या संघटना होत्या, मोटार कामगारांची युनियन होती. मिनियापोलिसचे महापौर ह्युबर्ट हम्फ्री यांनी यासाठीच्या समितीचं नेतृत्व केलं.

मग बोलिंगवाल्यांचं मन पालटलं का? छे! प्रकरण कोर्टात गेलं. इलिनॉयमध्ये 2,500 डॉलर दंड झाला, संस्थेची नोंदणीच धोक्यात आली. तेव्हा कुठे मे 1950 मध्ये तो नियम काढला गेला.

‘खेळात राजकारण आणू नका’ हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. अहो, राजकारण आणलं कुणी? ज्यांनी नियमात ‘फक्त गोरे’ लिहिलं त्यांनी, की ते खोडायला सांगणाऱ्यांनी?

म्हणून कुठल्याही संस्थेची स्मरणिका वाचण्याआधी तिची नियमावली वाचा. कोण आत आहे ते फोटोत दिसतं. कोण बाहेर ठेवलंय, ते नियमात सापडतं.

पटतंय का? कमेंटमध्ये बोला.