टेबलावरचा आवाज आणि टेबलाखालचा आवाज

घरांत एखादी नवी वस्तु यावयाची असली म्हणजे तिची निवड कोणीं करावी हा प्रश्न आमच्या मध्यमवर्गीय कुटुंबांत आपोआपच सुटतो. भांडींकुंडीं गृहिणीनें निवडावीं, पुस्तकें यजमानानें, आणि जिला विजेची तार जोडावयाची असते अशी कोणतीही वस्तु घरांतल्या सर्वांत धाकट्या मुलानें. ही वांटणी सोयीची खरी. परंतु तींत एक उणीव आहे. वस्तु निवडणारा एक आणि तिच्यासह नांदणारे पांच, असें होऊन बसतें. संगणकास जोडावयाचे स्पीकर घेतांना आमच्या घरीं हेंच झालें, आणि त्यांतून आम्हांस जें शिकावें लागलें तें या महिन्यांत वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें.

प्रसंग असा. आमच्या कै. तीर्थरूपांनीं १९८८ सालच्या आषाढी एकादशीस घरीं म्हटलेले अभंग कोणीसे कॅसेटवर घेऊन ठेविले होते. ती कॅसेट पुष्कळ वर्षें कपाटांत पडून होती. गेल्या दिवाळींत आमच्या भाच्यानें ती संगणकावर उतरवून दिली. मातोश्रींचें वय चौऱ्यायशी. संगणकाच्या अंगच्या बारीक आवाजांत त्यांना कांहींच नीट ऐकूं येईना. तेव्हां चिरंजीवांनीं स्पीकरांचा एक संच आणला: टेबलावर ठेवावयाच्या दोन चिमुकल्या पेट्या, आणि खालीं ठेवावयाची एक भली मोठी पेटी, जिला सबवूफर म्हणतात. दुकानांत अशा संचास ‘टू पॉइंट वन’ हें नांव आहे. ‘टू’ म्हणजे वरच्या दोन आणि ‘वन’ ही खालची. खालच्या पेटीवर निळा दिवा होता, आणि खोक्यावरील वॅटचा आंकडा चार अंकी होता.

संच जोडला, सगळीं मंडळी भोंवतीं बसली, अभंग सुरू झाला. खिडकीच्या तावदानांनींही ताल धरला. चिरंजीवांनीं मोठ्या अभिमानानें आजीकडे पाहिलें. मातोश्री कांहीं वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, “मोठें ऐकूं येतें रे, पण हा ह्यांचा आवाज नव्हे.”

वयोमानानें कान अधू झाले असतील, असें म्हणून आम्हांस तो विषय तेथेंच संपवितां आला असता. परंतु ज्या माणसाचा आवाज त्यांनीं पन्नास वर्षें ऐकला, त्याविषयीं त्यांची साक्ष आमच्याहून अधिक विश्वासाची होती. शिवाय खरें सांगावयाचें तर आमच्याही मनांत तोच संशय आला होता.

थोड्या चौकशीअंतीं कळलें कीं, मातोश्रींचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. आपल्या कानांस ऐकूं येणारे सूर सेकंदास सुमारें २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंत असतात. या कंपनसंख्येस हर्ट्झ म्हणतात. तीर्थरूप काळी एकच्या पट्टींत गात. त्या पट्टीचा षड्ज म्हणजे सुमारें १३९ हर्ट्झ. त्याखालचा पंचम १०४, आणि तंबोऱ्याचा खर्ज ६९. आतां टेबलावरच्या त्या पेट्यांतील पडदा अवघा दोन इंचांचा. एवढ्याशा पडद्यास खालचे सूर झेपत नाहींत. कारण सूर एक सप्तक खालीं गेला कीं तितक्याच जोराचा आवाज काढण्यास पडद्यास चौपट हालावें लागतें. म्हणून कारखानदार १५० ते २०० हर्ट्झच्या आसपास कोठें तरी एक सांधा करितो. त्यावरचे सूर वरच्या पेट्यांकडे आणि खालचे सूर खालच्या पेटीकडे पाठवितो. परिणाम असा होतो कीं, गाणाराच्या मध्य षड्जाचा पाया टेबलाखालून येतो, आणि तोच गळा पंचमावर चढला कीं टेबलावर येऊन बसतो. सांधा नीट जुळला नसेल तर मधले कांहीं सूर दुबळे पडतात आणि कांहीं विनाकारण फुगतात. गाणारा एक, पण गळे दोन, असा तो प्रकार असतो.

कोणी म्हणेल, टेलिफोनवरूनही आवाज ओळखूं येतोच कीं. येतो खरा. जुन्या तारेच्या टेलिफोनांतून ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढेच सूर जात असत. म्हणजे पुरुषाच्या आवाजाचा पाया त्यांत नसेच. परंतु त्या पायावर उभे राहिलेले वरचे उपस्वर ऐकून आपलें मन तो पाया स्वतःच भरून काढतें. जें उणें आहे तें भरून काढण्याची ही शक्ति मनास आहे. जें वर घातलें आहे तें काढून टाकण्याची मात्र नाहीं. वृद्ध माणसांच्या बाबतींत तर हें अधिकच लक्षांत घ्यावयास हवें. वार्धक्यांत कान प्रथम वरच्या सुरांस अधू होतो. अशा वेळीं खालचे सूर वाढविल्यानें बोलणें स्पष्ट होत नाहीं. उलट तें अधिकच झांकलें जातें.

दुसरी एक गोष्ट ध्यानांत आली. अभंगाच्या मागें एक अखंड घुंघुं असा नाद येत होता, जो पूर्वीं कोणींही ऐकला नव्हता. तो तंबोऱ्याचा नव्हे. आपल्या घरगुती विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचा असतो. त्याची गुणगुण मुद्रणाच्या वेळीं कॅसेटवर उतरली होती, आणि खालच्या पेटीनें तीच नेमकी उचलून धरिली. जुन्या तबकड्यांचा शोक असणाऱ्या वाचकांनीं हें विसरूं नये. १९०२ सालीं कलकत्त्यास गोहरजान यांचें गाणें तबकडीवर घेतलें गेलें तेव्हां विजेचा ध्वनिग्राहक नव्हताच. गाणारानें कर्ण्यांत तोंड घालून गावयाचें आणि त्या कंपनांनींच सुई हालावयाची. १९२५ च्या सुमारास विजेच्या साहाय्यानें मुद्रण सुरू होईपर्यंत हीच रीत होती, आणि तींत खालचे सूर फारसे उमटतच नसत. जें मुळांत तबकडीवर नाहीं तें सबवूफर कोठून आणणार? तो आणतो ती तबकडीच्या फिरण्याची घरघर.

तिसरा धडा आला तो खालच्या मजल्यावरून. चार दिवसांनीं तेथील सूनबाई आमच्या घरीं आल्या आणि हळूच म्हणाल्या, “काकू, रात्रीं तुम्ही जातें घालतां का? सासूबाईंना झोप लागत नाहीं.” त्यांच्या सासूबाई महिनाभर अंथरुणास खिळून होत्या. आम्ही ओशाळलों. आश्चर्य हें कीं, आम्हांस स्वतःस खर्ज उलट कमीच वाटत होता, आणि म्हणून तर आम्ही तो रोज थोडाथोडा वाढवीत गेलों होतों.

याचेंही कारण शास्त्रांत सांपडलें. ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारें सात मीटर असते. आमची खोली अकरा फूट, म्हणजे त्या लहरीच्या जवळजवळ निम्मी. अशा खोलींत ती लहर दोन भिंतींमध्यें अडकून उभी राहते. भिंतीशीं व कोपऱ्यांत तिचा जोर सर्वांत अधिक आणि मध्यभागीं सर्वांत कमी. आमची पेटी कोपऱ्यांत, आणि आमच्या खुर्च्या नेमक्या मध्यावर. आम्हांस ऐकूं येईना म्हणून आम्ही खुंटी पिळीत गेलों, आणि मारा सोसला तो एका आजारी माणसानें. कायद्याच्या दृष्टीनें पाहिल्यास २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं वस्तीच्या भागांत दिवसा ५५ डेसिबल, आणि रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. परंतु हें ज्या मापानें मोजितात तें माप खालच्या सुरांस फार कमी लेखतें. ५० हर्ट्झचा सूर त्यांत ३० डेसिबलनीं कमी धरला जातो. म्हणजे यंत्रावर आंकडा निर्दोष दिसत असतांही खालच्या घरची झोप मोडत असूं शकते. येथें कायद्यापेक्षां शेजारधर्मच अधिक उपयोगी.

अखेर कांहीं पैसे वर घालून आम्हीं तो संच बदलून घेतला. या खेपेस चिरंजीवांबरोबर आम्ही स्वतः गेलों, आणि तीर्थरूपांचा अभंग मोबाइलमध्यें घेऊन गेलों. आमची पहिली सूचना हीच. दुकानदार जें वाजवून दाखवील त्यावरून निवड करूं नये. त्याचें गाणें त्याच्या मालास शोभेल असेंच निवडलेलें असतें. आपल्या परिचयाच्या माणसाचा आवाज, शंभर वेळां ऐकलेला एखादा ख्याल, डग्ग्याची ओळखीची घुमक, असें कांहीं बरोबर न्यावें.

दुसरी सूचना, वॅटांस भुलूं नये. ‘पी. एम. पी. ओ.’ या नांवाखालीं छापलेला हजारांचा आंकडा एखाद्या क्षणापुरत्या कल्पित जोराचा असतो. ‘आर. एम. एस.’ म्हणजे सतत टिकणारा जोर, तेवढाच विचारावा. शिवाय आवाज कानास दुप्पट वाटावा यासाठीं शक्ति सुमारें दसपट लागते. तेव्हां २० वॅट आणि ३० वॅट यांत कानास भेद जवळजवळ कळत नाहीं. टेबलाशीं बसून ऐकणारास दोनचार वॅटही पुष्कळ होतात.

तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची. संच निवडावा तो वरच्या पेट्या पाहून. खालची पेटी पाहून नव्हे. सबवूफरची खुंटी शून्यावर आणावयास सांगावें आणि नुसत्या वरच्या पेट्यांवर पुरुषाचा आवाज ऐकावा. तो टेलिफोनसारखा ऐकूं आला तर तो संच तेथेंच सोडावा. वरच्या पेट्यांत तीनचार इंची पडदा असला म्हणजे सांधा बराच खालीं नेतां येतो आणि गळा अखंड राहतो. मग खुंटी हळूहळू वाढवावी. तंबोरा भरीव झाला कीं थांबावें. ‘आतां पेटी वाजूं लागली’ असें जाणवलें तर आपण पुढें गेलों असें समजून किंचित् मागें यावें. ही खुंटी पेटीच्या पाठीमागें आहे कीं हातास येईल अशी आहे, हेंही दुकानांतच पाहून घ्यावें. जिच्यापर्यंत हात पोंचत नाहीं ती खुंटी रात्रीं दहा वाजतां वांकून कोणीही कमी करीत नसतो.

घरीं आणल्यावर वरच्या दोन पेट्या कानाच्या उंचीस, आपल्याकडे तोंडें वळवून ठेवाव्या. त्या दोन आणि आपण मिळून समभुज त्रिकोण व्हावा. खालची पेटी कोपऱ्यांत न ठेवितां टेबलाखालीं, दोहोंच्या मध्यें असावी. नेमकी जागा शोधण्याची एक युक्ति आहे. पेटी तात्पुरती आपल्या खुर्चीवर ठेवावी, तंबोरा लावावा, आणि आपण टेबलाच्या आसपास जमिनीलगत कान लावून हिंडावें. जेथें खर्ज समतोल ऐकूं येईल तेथें पेटी ठेवावी. आमचा हा प्रयोग चालू असतां सौ. दारांत येऊन पाहून गेल्या. बोलल्या कांहीं नाहींत. चित्रपट पाहणारांनीं जोडणी तारेचीच ठेवावी. ब्लूटूथनें जोडल्यास शब्द ओठांच्या मागें पडण्याचा संभव असतो.

येवढें सांगून झाल्यावर हेंही सांगितलें पाहिजे कीं, तिसरी पेटी सर्वांस हवीच असें नाहीं. ज्यांचें ऐकणें मुख्यत्वेंकरून बातम्या, व्याख्यानें आणि जुन्या तबकड्या एवढें आहे, त्यांनीं त्याच पैशांत चारपांच इंची पडद्याच्या दोनच चांगल्या पेट्या घ्याव्या. पखवाज, तंबोरा, चित्रपट यांची ज्यांस आवड असेल आणि ज्यांचे खालचे शेजारी सोशिक असतील, त्यांनीं तिसरीचा विचार करावा.

आमच्या घरीं ती राहिली आहे. रात्रीं दहानंतर मात्र ती बंद असते. सूनबाईंकडे मुद्दाम चौकशी केली. जातें थांबलें होतें. नवा संच लावला त्या संध्याकाळीं मातोश्रींना पुन्हा बोलावून बसविलें. कॅसेटवर अभंगाच्या आधीं तीर्थरूप खाकरतात आणि आम्हांस म्हणतात, “अरे, तें दार लोटून घे.” आधींच्या संचावर हें वाक्य नुसतें घुमलें होतें. या खेपेस मातोश्री एकदम म्हणाल्या, “हें परत लाव.” चिरंजीवांनीं घाईघाईनें अभंगाचा आरंभ लावून दिला. “अभंग नव्हे रे,” त्या म्हणाल्या, “तें दाराचें लाव.”

तें वाक्य त्या संध्याकाळीं तीन वेळां वाजलें, आणि टेबलाखालीं कांहीं पेटी आहे याची तिन्ही वेळां कोणास आठवणही झाली नाहीं.