दातांच्या विम्याचा पैसा दातांपर्यंत पोहोचतो का?
ज्यांची मुले अमेरिकेत नोकरीला आहेत, त्या वाचकांनी मॅसॅच्युसेट्स राज्याचा हा कायदा जरूर समजून घ्यावा. दंतविमा कंपनीने जमा हप्त्यांपैकी किमान 83 टक्के रक्कम उपचारांवरच खर्च करावी, कमी पडल्यास फरक विमाधारकांना परत द्यावा, असा कौल तिथल्या मतदारांनी नोव्हेंबर 2022 मध्ये दिला. सत्तर टक्क्यांहून अधिक मते बाजूने पडली. 2024 पासून तो लागू आहे. आरोग्यविम्याला अशी अट 2010 च्या केंद्रीय कायद्यानेच घातली होती. दंतविमा मात्र सुटला होता. जणू दात शरीराबाहेरच उगवतात!

हप्ते वाढतील, ही कंपन्यांची ओरड आम्हांला पटत नाही. आमची तक्रार वेगळी आहे. दंतवैद्याला कंपनीने किती दर द्यावा, हे या कायद्यात ठरलेले नाही. दर परवडला नाही की डॉक्टर कंपनीच्या यादीतून बाहेर पडतो. गरिबांसाठीच्या मेडिकेड या सरकारी योजनेत हेच दिसते: हातात कार्ड असते, पण दर कमी म्हणून अनेक दंतवैद्य ते घेत नाहीत. तेव्हा राज्याने किमान दर ठरवावेत, आणि यादीतले दवाखाने नवे रुग्ण खरेच घेतात का, हे दरवर्षी तपासावे.