शत्रू गेला, गोळी उरली : एका लहान गोळीच्या पिस्तुलाची कथा

१/१२
शस्त्रांविषयी बोलताना आपण वेग, वजन आणि पल्ला यांच्या आकड्यांत रमतो. माझ्या मते, शस्त्र कोणासाठी घडवले गेले आणि अखेरीस ते कोणावर चालले, या दोन उत्तरांमधील अंतर हाच त्याचा खरा इतिहास. बेल्जियमच्या ५.७ मिमी पिस्तुलाची कथा याची साक्ष देते. #थ्रेड

२/१२
लिएज शहराजवळील हर्स्टल येथे 'एफएन' हा शस्त्रकारखाना १८८९ मध्ये स्थापन झाला. १९१४ साली साराजेवोत आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड यांच्यावर झाडलेले पिस्तूल येथलेच. १९३५ चे ९ मिमी 'हाय-पॉवर'ही येथलेच. ईशापूरच्या कारखान्यात बनलेले भारतीय लष्कराचे ९ मिमी पिस्तूल याच 'हाय-पॉवर'च्या घराण्यातले.

३/१२
ही ९ मिमी गोळी विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत जन्मली आणि दोन्ही महायुद्धे लढली. परंतु १९८० च्या दशकापर्यंत परिस्थिती पालटली होती. केव्हलारसारख्या चिवट धाग्यांची चिलखते आता सामान्य सैनिकाच्या अंगावर येऊ लागली होती. रुंद आणि तुलनेने संथ गोळी त्या धाग्यांत अडकून पडे.

४/१२
नाटोपुढील प्रश्न असा होता : चिलखतधारी सोव्हिएत सैनिक पिछाडीवर येऊन थडकले, तर तेथील वाहनचालक, तोफची आणि संदेशवहन करणारे जवान स्वतःचा बचाव कसा करणार? त्यांच्या कामात रायफल अडचणीची आणि ९ मिमी पिस्तूल दुबळे. म्हणून नव्या शस्त्राची मागणी झाली. चाचणीसाठी ठरलेले लक्ष्य : १.६ मिमी जाडीचा टायटॅनियम पत्रा आणि त्यामागे केव्हलारचे २० थर.

५/१२
एफएनने गोळीच बदलली. ९ मिमी गोळीचे वजन सुमारे ८ ग्रॅम, नव्या गोळीचे अवघे २ ग्रॅम. पिस्तुलातून सुटताना तिचा वेग मात्र सेकंदाला सुमारे ६५० मीटर. एकूण ऊर्जा ९ मिमीपेक्षा अधिक नव्हती. ती अगदी छोट्या जागी एकवटत होती आणि टोकाशी पोलाद होते. दाभण पोत्यात शिरते, अंगठा शिरत नाही. तत्त्व तेच.

६/१२
प्रथम १९९० मध्ये 'पी९०' ही आटोपशीर स्वयंचलित बंदूक आली. तेच काडतूस वापरणारे पिस्तूल, 'फाइव्ह-सेव्हन', नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात सैन्यांपर्यंत पोहोचले. काडतूस सुमारे ४० मिमी लांब असल्याने मूठ पुढून मागे रुंद झाली. बदल्यात मॅगझिनमध्ये २० गोळ्या मावल्या ('हाय-पॉवर'मध्ये १३), हाताला बसणारा धक्का घटला आणि पॉलिमरच्या मुबलक वापरामुळे वजनही हलके राहिले.

७/१२
आणि १९९१ मध्ये सोव्हिएत संघच विसर्जित झाला! ज्याच्या चिलखतासाठी हा सारा खटाटोप झाला, तो शत्रूच रंगमंचावरून निघून गेला. शस्त्र मात्र तयार होते. कारखाना उभा होता, खर्च झाला होता आणि आता ग्राहक हवे होते.

८/१२
पुढे जर्मनीची ४.६ मिमी गोळी स्पर्धेत उतरली. २००२-०३ च्या नाटो चाचण्यांत ५.७ मिमीचे पारडे जड ठरले, पण जर्मन प्रतिनिधींना ते मान्य झाले नाही आणि प्रमाणीकरण रखडले. ५.७ मिमीवर नाटोची मोहोर उमटली ती २०२१ मध्ये. म्हणजे मूळ शत्रू नाहीसा झाल्यावर ३० वर्षांनी!

९/१२
दरम्यान या गोळीने स्वतःची वाट शोधली होती. एप्रिल १९९७ मध्ये लिमा येथील जपानी राजदूताच्या निवासस्थानातून ओलिसांची सुटका करताना पेरूच्या कमांडोंच्या हाती 'पी९०' होती. ही तिची गौरवशाली बाजू. दुसरी बाजू मेक्सिकोत दिसली. तेथील अमली पदार्थांच्या टोळ्यांत हे पिस्तूल पोहोचले आणि त्याला 'पोलिसांना मारणारे' अशा अर्थाचे नाव पडले. चिलखत तेच, फक्त आतला माणूस बदलला.

१०/१२
५ नोव्हेंबर २००९. अमेरिकेतील टेक्सास राज्याचा फोर्ट हूड लष्करी तळ. लष्कराच्याच एका अधिकाऱ्याने, दुकानातून कायदेशीरपणे विकत घेतलेल्या 'फाइव्ह-सेव्हन'ने, आपल्याच सहकाऱ्यांवर गोळीबार केला. १३ जण ठार झाले, ३० हून अधिक जखमी. पिछाडीवरील सैनिकाच्या रक्षणासाठी कल्पिलेले शस्त्र पिछाडीवरील निःशस्त्र सैनिकांवरच चालले. त्यांच्या अंगावर चिलखतही नव्हते.

११/१२
यावर आक्षेप येईल : चिलखतभेदी गोळी कंपनी फक्त सैन्याला आणि पोलिसांना देते, नागरिकांसाठीची गोळी निराळी आहे, मग दोष शस्त्राचा कसा? आक्षेप रास्त आहे. अभियंत्यांना खलनायक ठरवणे मलाही मान्य नाही, त्यांच्यापुढचा प्रश्न खरा होता. पण हलकेपणा, कमी धक्का आणि २० गोळ्या हे गुण काडतुसाबरोबर बदलत नाहीत. ते ज्याच्या हाती जातील, त्याचे होतात.

१२/१२
म्हणून एखाद्या संग्रहालयात किंवा चित्रफितीत शस्त्र पाहाल, तेव्हा आकडे जरूर वाचा, पण तेथेच थांबू नका. ते कोणाच्या भीतीतून जन्मले आणि ती भीती सरल्यावर त्याचे काय झाले, हेही विचारा. गरज कालबाह्य होते, शस्त्र होत नाही. आपले मत अवश्य मांडा. मतभेदांचे स्वागतच आहे.