धबधबा, मनाई आणि सावध नागरिक

मृग सरतो न सरतो तोच बेलापूरच्या डोंगरावरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरू लागतात आणि सीबीडीतील आर्टिस्ट व्हिलेजमागची पायवाट रविवारी गजबजून जाते. त्याच सुमारास धबधब्यांवर जाण्यास मनाई करणारे आदेशही निघतात. या दोन्ही गोष्टी आता ऋतुचक्राचाच भाग झाल्या आहेत. प्रश्न एवढाच की, या मनाईने नेमके कोण अडते?

धोका खरा आहे, याविषयी दुमत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये शेजारच्या खारघरला चार महाविद्यालयीन मुली ओढ्याच्या लोंढ्यात वाहून गेल्या. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जणांचा अंत झाला. त्यानंतर तीनच आठवड्यांनी बेलापूरच्या या डोंगरावर अडकलेल्या सुमारे साठ जणांची अग्निशमन दलाला सुटका करावी लागली. त्यांत लहान मुलेही होती. कारण साधे आहे. डोंगर खडकाळ व उताराचा, माती थोडी. त्यामुळे माथ्यावर पडलेले पाणी जिरत नाही, ते काही मिनिटांतच खाली येते. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला ओढा परतताना वाट अडवून उभा राहतो. गुडघाभर वेगवान पाणीही धडधाकट माणसाचा पाय उखडू शकते.

परंतु मनाईची पाटी वाचून परत फिरतो तो मुलांचा हात धरून आलेला कारकून वा शिक्षक. ज्याला धाडसाची हौस आहे, तो पोलिसाची नजर चुकवून आडवाटेने शिरतो, आणि ती आडवाट अधिकच निसरडी असते. म्हणजे ज्याच्यापासून धोका कमी, तो घरी बसतो. ज्याच्यामुळे धोका वाढतो, तो डोंगरावर पोहोचतो. शासनाच्या दृष्टीने मनाई स्वस्त आहे, कारण तिला कागदापलीकडे फारसा खर्च नाही. तिची खरी किंमत सावध नागरिक आणि ऐन पावसात दोरखंड घेऊन धावणारे जवान मोजतात.

अन्य मार्ग अज्ञात नाहीत. साताऱ्याजवळच्या ठोसेघरला दरीच्या पलीकडे प्रेक्षणमंच आहे. तेथून कोसळते पाणी डोळे भरून पाहता येते, पाण्यात उतरावे लागत नाही. गोव्याच्या दूधसागरावर मोसमात वनखात्याच्या नियंत्रणाखाली जीपगाड्या जातात, पाण्यात उतरणाऱ्याला जीवरक्षक जाकीट घालावे लागते आणि ऐन पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते. बेलापुरात ओढा न ओलांडता जाणारी एक आखीव वाट, कठडा, दोन प्रशिक्षित रक्षक आणि डोंगरावर पाऊस वाढताच वाजणारा भोंगा एवढे केले तरी पुष्कळ साधेल. माफक प्रवेशशुल्कातून रक्षकांच्या वेतनाला हातभार लागेल. अतिवृष्टीच्या इशाऱ्याच्या दिवशी वाट बंदच राहावी. अशी नेमकी बंदी लोकांना पटते आणि पाळलीही जाते.

यात निसर्गाचा बाजार मांडला जाईल, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. म्हणूनच खाद्यगाळे आणि सिमेंटची कारंजी यांना तेथे थारा नसावा. नागरिकांनीही आकाश भरून आले की माघारी वळण्यात कमीपणा मानू नये. मात्र ज्या शहरात मोकळी हवा दुर्मिळ होत चालली आहे, तेथे डोंगर आणि पाणी सहकुटुंब पाहण्याची सोय ही चैन नव्हे. ती सार्वजनिक गरज आहे, आणि पाटी लावल्याने ती भागत नाही.