शब्दविचार : ‘गोपनीय’ कोणापासून?

सुरत-हजिरा भागातील मोठ्या कारखान्यांत नोकरीस असलेल्या आपल्या तरुण मंडळींच्या तोंडी ‘थ्री-सिक्स्टी डिग्री फीडबॅक’ हा शब्दप्रयोग आता चांगलाच रुळला आहे. एकट्या साहेबाने शेरा न मारता साहेब, बरोबरीचे सहकारी, हाताखालची माणसे आणि स्वतः कर्मचारी अशा सर्वांनी प्रश्नावली भरून त्याच्या कामाविषयी मत द्यावयाचे, असा त्याचा अर्थ. शिक्षणशास्त्रात फीडबॅकला ‘प्रत्याभरण’ म्हणतात. व्यवहारात ‘अभिप्राय’ पुरे. स्वतःविषयी लिहावयाचे ते ‘स्वमूल्यमापन’. इतरांना दिसणारा जो दोष वा गुण त्यात उतरतच नाही, तो ‘ब्लाइंड स्पॉट’. त्याला ‘अंधबिंदू’ म्हणता येईल.

खरा घोटाळा होतो तो ‘गोपनीय’ या शब्दापाशी. सरकारी नोकरीतील जुना ‘गोपनीय अहवाल’ वाचकांना परिचित आहे. लिहिणारा कोण, हे तेथे ठाऊक असे; प्रतिकूल शेरा तेवढा कळविला जाई, बाकीचा मजकूर झाकलेला राही. एका अभियंत्याला ‘चांगला’ असा शेरा मिळाला. बढतीला ‘अतिशय चांगला’ हवा होता. स्तुतीचा शब्दच आडवा आला, आणि तो त्याला कळविलाही नव्हता! २००८ साली देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, बरावाईट प्रत्येक शेरा संबंधितास कळविलाच पाहिजे.

नव्या पद्धतीत गोपनीयतेची दिशा उलटते. काय म्हटले ते कळते. कोणी म्हटले ते सहसा कळत नाही. म्हणूनच एका गटात निदान तीन जणांची उत्तरे आल्यावाचून त्या गटाचे गुण वेगळे दाखवू नयेत, असा संकेत पाळतात. साहेब बहुधा एकच असल्याने त्याचे मत मात्र ओळखू येते.

येथे आणखी एक भेद ध्यानी घ्यावा. ‘अनामिक’ म्हणजे लिहिणाऱ्याचे नाव कोठेच नोंदलेले नाही; ‘गोपनीय’ म्हणजे नाव नोंदलेले आहे, परंतु उघड केले जाणार नाही. प्रश्नावली हाती येताच यांपैकी कोणते, हे विचारून घेणे शहाणपणाचे.

नाव झाकले म्हणून जबाबदारी झाकली जात नाही. ‘उद्धट आहे’ हा शेरा झाला. ‘बैठकीत इतरांचे बोलणे मध्येच तोडतात’ हा अभिप्राय. पहिल्याने माणूस दुखावतो, दुसऱ्याने सुधारण्याची वाट सापडते. कोणाच्या तरी भाकरीशी आपल्या दोन ओळींचा संबंध आहे, एवढे भान ठेवूनच लेखणी उचलावी.