'इमरोज'चा संपादक

१७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिदिन साजरा होतो. स्वामी रामानंद तीर्थांचे नाव निघते, लातुरात वकिली केलेल्या कासिम रझवीला शिव्या पडतात. शोएबुल्ला खानाचे नाव मात्र क्वचितच कानी येते. मला ते खटकते.

शोएबुल्ला हैदराबादेत 'इमरोज' हे उर्दू दैनिक चालवायचा. वय सत्तावीस. संस्थान भारतात विलीन व्हावे, कारभार लोकांच्या हाती यावा, हे तो उघड लिहायचा. नोव्हेंबर १९४७ मध्ये 'जैसे थे' करार झाला आणि पुढच्या काही महिन्यांत सिकंदराबादच्या छावणीतले भारतीय सैन्यही हलवले गेले. रझाकारांना रान मोकळे मिळाले. काँग्रेसवाले तुरुंगात, नाहीतर सरहद्दीपलीकडच्या कॅम्पांत. हा गडी शहरातच बसून लिहीत राहिला. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री कार्यालयातून घरी जाताना त्याला गाठले, गोळ्या घातल्या आणि हात तोडला.

हात का तोडला असेल? माझ्या मते, हिंदू पुढाऱ्याचे लिखाण रझवी उडवून लावू शकत होता. मुसलमान माणूस, तोही उर्दूत, 'हे आमच्या नावाने बोलत नाहीत' असे सांगू लागला की पंचाईत. आपल्याकडे मिनेझिस ब्रागांझांनी पोर्तुगीजांवर टीका पोर्तुगीजमध्येच केली, ती राज्यकर्त्यांना जास्त झोंबली. जात तीच.

'इमरोज'मुळे निजाम हटला असे कोणी म्हणू नये. ते काम सैन्याने १३ ते १७ सप्टेंबर या पाच दिवसांत केले, आणि सिकंदराबादेत पुन्हा भारतीय फौज आली. शोएबुल्लाने त्याआधी एवढेच केले की हा झगडा हिंदू विरुद्ध मुसलमान नाही, हे स्वतःच्या नावानिशी छापून दाखवले. आजच्या भाषणबाजीला तो अडचणीचा वाटत असावा. एका बाजूला तो 'फितूर', दुसऱ्या बाजूच्या गोष्टीत मुसलमान हुतात्मा बसत नाही.

पोलीस ॲक्शननंतर उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्ग्याकडे साध्या मुसलमानांची कत्तल झाली. रझाकारांशी ज्यांचा संबंध नव्हता, तेही त्यात गेले. पंडित सुंदरलाल समितीचा अंदाज २७ ते ४० हजार मृतांचा. तो अहवाल २०१३ पर्यंत दडून राहिला. त्या हिवाळ्यात त्यावर अग्रलेख लिहायला शोएबुल्ला नव्हता.